लिटमसबाईंची माती

नोटीस माझ्याच हातची होती, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ‘इमारतीच्या मागील बाजूस केलेले कचऱ्याचे ढीग व दुर्गंधीयुक्त पिंप आठ दिवसांत हलवावे’ असं सुवाच्य अक्षरात लिहून, खाली सेक्रेटरी म्हणून सही ठोकून, मी ती तळमजल्यावरच्या एक नंबरच्या दाराखालून आत सरकवली. बेल वाजवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दारामागे दोन बायका राहायच्या. एक लिटमसबाई आणि दुसरी त्यांची नणंद.

लिटमसबाई हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. बाई एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, सांडलेलं पुसायचं. प्रयोग करायचा त्यांना अधिकार नव्हता, पण सर उशिरा आले की तासभर वर्ग त्याच सांभाळायच्या, आणि त्या दिवशीचे प्रयोग जास्त नीट व्हायचे असं पोरं सांगत. निवृत्तीच्या वेळी शाळेने भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, “घड्याळ आहे माझ्याकडे, चालतंय.” त्याऐवजी त्यांनी लिटमस कागदाचे दोन डबे आणि काठ तुटलेलं एक मोजपात्र मागून घेतलं. मुख्याध्यापकांना वाटलं, बाई थट्टा करतायत.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी असायची. साखरेवर, मिठावर, चहापावडरीवरसुद्धा. नणंद म्हणायची, “एक दिवस माझ्या कपाळावर चिठ्ठी लावेल ही. ‘हलवू नये’ म्हणून.”

नणंदेला बाई ‘वन्सं’ म्हणत, म्हणून सगळी इमारतच त्यांना वन्सं म्हणायची. वन्सं जन्मभर शिवणकाम केलेल्या, लग्न न केलेल्या, बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या. भाऊ होता तेव्हा भावाकडे राहत होत्या, भाऊ गेल्यावर वहिनीकडेच राहिल्या. दोघींचं आपसात पटायचं नाही, पण दोघींचं इतर कुणाशीही पटायचं नाही, त्यामुळे संसार सुरळीत चालला होता.

आता त्या जागेबद्दल. इमारतीच्या मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत एक पट्टा होता. सोळा पावलं लांब, पाच पावलं रुंद. बाईंच्या स्वयंपाकघराचं मागचं दार तिथेच उघडायचं. इमारत बांधताना कामगारांनी तिथेच चुना भिजवला, सिमेंट कालवलं, रंगाचे डबे धुतले. पुढे ज्याच्या घरात फरशी बदलली, प्लास्टर पाडलं, त्याने राडारोडा तिथेच ओतला. ओली झाली की ती जमीन साबणासारखी गुळगुळीत व्हायची आणि सुकली की तिच्यावर पांढरी पापडी धरायची. मांजरंसुद्धा तिथे उकरायला जात नसत.

निवृत्त झाल्यावर बाईंनी तिथे टोमॅटोची सहा रोपं लावली. आमच्या इमारतीच्या पुढच्या कुंड्यांना पाणी घालायला एक माळी यायचा, त्याच्याकडूनच घेतली होती. पंधरा दिवसांत वरची कोवळी पानं पिवळी पडली. पान पिवळं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या. माळ्याने पिशवीतून दाणेदार खत काढून दिलं. ते घातलं तर पानांच्या कडा करपल्या. मग त्याने फवारा दिला. चौथ्या आठवड्यात सहाही रोपं आडवी झाली.

माळी कमरेवर हात ठेवून म्हणाला, “बाई, ही जमीन मेलीये. हिच्यात जीव घालवू नका. ब्लॉक टाका आणि वर दोन कुंड्या ठेवा.”

“मेली हे कुणी ठरवलं?”

“अहो, वीस वर्षं हेच करतोय मी.”

“मी एकतीस वर्षं बाटल्या धुतल्यात,” बाई म्हणाल्या. “चिठ्ठी वाचल्याशिवाय मी साध्या पाण्यालाही पाणी म्हटलं नाही. तुम्ही हिची तपासणी केलीत?”

माळी हसला आणि गेला. ते हसणं बाईंना फार लागलं. वन्सं म्हणाल्या, “पुरे झालं आता. बाजारात टोमॅटो मिळतात. लाल असतात, गोल असतात, आणखी काय पाहिजे?” मागचं दार उघडून बाई पायरीवर बसल्या आणि त्या करड्या जमिनीकडे नापास झालेल्या पोराच्या पेपराकडे बघावं तशा बघत राहिल्या.

पहिला वार त्यांचा चुकला, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. भाचीने फोनवर चार चित्रफिती पाठवल्या होत्या. घरच्या घरी खत करा, राख घाला, अंड्याची टरफलं कुटून घाला, केळ्याच्या साली भिजवून ते पाणी घाला. कोपऱ्यावर लाकडाची भट्टी असलेली बेकरी होती. बाई तिथून रोज बादलीभर राख आणायच्या. दोन मजल्यांवरची अंड्याची टरफलं गोळा करून खलबत्त्यात कुटायच्या. महिनाभर हे चाललं, आणि नव्याने लावलेला पालक बोटभर वाढून पहिल्यापेक्षाही पिवळा पडला.

मग एका सकाळी, भाजी निवडता निवडता, त्या ताडकन उठल्या. कपाटातून लिटमसचा डबा काढला. पट्ट्यातल्या सहा जागांची माती सहा बरण्यांत घेतली, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतून ढवळली आणि गाळ खाली बसायची वाट बघितली. तांबडा कागद पहिल्या बरणीत बुडवला. निळा. दुसरीत निळा. सहाही निळे. मग चिमूटभर मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, तर माती फसफसली.

वन्सं सांगायच्या, “ही एकटीच हसत सुटली. मला वाटलं, गेली कामातून.”

“हसू नको तर काय करू?” बाई म्हणाल्या होत्या. “आधीच चुन्याने भरलेली माती. तिला आंबट काहीतरी हवं होतं, आणि मी बाईसाहेब रोज वरून राख आणि टरफलं घालतेय! राखेने चुना वाढतो हे आठवीतल्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तहानलेल्याला मी मीठ चारत होते. राख वाईट नाही, टरफलं वाईट नाहीत, पण ज्या मातीला हवीत तिच्यासाठी. मी हिला विचारलंच नाही.”

त्या दिवसापासून बाईंनी कंबर कसली. वरचा वीतभर पांढरा थर त्यांनी खुरप्याने आणि छोट्या पहारीने काढला. प्लास्टरची ढेकळं खिडकीच्या जुन्या जाळीतून चाळून वेगळी केली आणि पोत्यांत भरली. रोज दोन पोती, त्याहून जास्त नाही, कारण गुडघे. आमच्या रस्त्यावर एक झाडूवाला सकाळी पानांचे ढीग करून पेटवायचा. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“जाळू नका. मला द्या.”

“हा कचरा आहे बाई.”

“तुमचा कचरा, माझं औषध. रोज दारात ओता. आणि माझी ही पोती तुमच्या गाडीत घाला.”

सौदा झाला. धूर बंद झाला म्हणून दम्याचे दोन म्हातारे खूश झाले, पण त्याचं श्रेय बाईंना कुणी दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

मागच्या भिंतीशी ढीग वाढू लागले. दोन टोपल्या सुकी पानं, एक टोपली ओला कचरा, वर मूठभर जुनी माती. आठवड्याला उलथापालथ. बाई मूठभर घेऊन दाबून बघायच्या. पिळलेल्या फडक्यासारखं ओलसर लागलं तर बरोबर, पाणी टपकलं तर अजून पानं. वास आंबूस आला तरीही अजून पानं. प्रत्येक ढिगावर काडीला बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावर तारीख. तयार झालेलं काळं खत त्या पट्ट्यात मिसळायच्या, वर पानांचं जाड पांघरूण घालायच्या आणि महिन्याला सहा बरण्या मांडायच्या. निळा रंग हळूहळू फिका होत गेला. सातव्या महिन्यात नळाजवळच्या मातीच्या बरणीतला कागद जेमतेम जांभळट झाला, तेव्हा बाई तो कागद घेऊन थेट पुढच्या फाटकाशी गेल्या आणि कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्याच्या नाकासमोर धरला.

“ही मेलेल्याची नाडी आहे. बघा.”

माळ्याला काही कळलं नाही. पण बाईंना ते बोलायचंच होतं.

आठव्या महिन्यात घेवडा लागला. मेथी आली, पालक आला, तोही हिरवागार. पानांखाली गांडुळं दिसू लागली. ती बाईंनी कुठून आणली नव्हती. कुठून आली कोण जाणे. पहिलं गांडूळ दिसलं तेव्हा त्यांनी वन्संना हाका मारून बोलावलं. वन्संनी वाकून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “ह्यासाठी मी शिवण सोडून आले?” तरी पण त्या पुढची दहा मिनिटं तिथून हलल्या नाहीत.

गडबड झाली ती पिंपामुळे. उपटलेलं तण पाण्यात बुडवून, झाकून तीन आठवडे कुजवलं की रोपांना घालायचं पातळ खत होतं. एक भाग ते आणि दहा भाग पाणी. पातळ चहासारखा रंग आला पाहिजे, आणि ते पानांवर नाही, ओल्या मातीत घालायचं. बाई हे मापाने करायच्या, काठ तुटलेल्या मोजपात्रात. पण कुजताना ते जे काही घाणतं, त्याला तोड नाही. एका रविवारी वाऱ्याने पिंपाचं झाकण उडालं. बरोबर त्याच्या वर पहिल्या मजल्याच्या गच्चीत आमचे अध्यक्ष पाहुण्यांबरोबर चहा पीत बसले होते. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

अध्यक्ष तसे शांत गृहस्थ. विमा कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले, प्रत्येक वाक्य ‘मुद्दा असा आहे’ने सुरू करणारे. पण मुलाने नुकतीच गाडी घेतली होती, ती रस्त्यावर उभी राहायची, आणि त्या पट्ट्यावर त्यांची नजर आधीपासून होती. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

“मुद्दा असा आहे, सेक्रेटरी, की आपण इमारतीत राहतो की उकिरड्यावर? नोटीस काढा.”

मी काढली. मी नाही म्हणू शकलो असतो, पण अध्यक्षांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. खरं तर कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात बरणी.

“ही तुम्ही लिहिली?”

“हो, म्हणजे कमिटीच्या वतीने…”

“नाक पुढे करा.”

मी केलं. काय करणार? बरणीत काळं, भुसभुशीत काहीतरी होतं. वास पावसानंतरच्या रानासारखा. वाईट तर नव्हताच, उलट मी पुन्हा नाक लावलं.

“ह्याला तुम्ही कचरा लिहिलंय. ते खोडा. पिंपाचं मात्र खरं आहे, घाण वास येतो. झाकण सैल होतं, चूक माझी. कालच चापाचं झाकण बसवलं आणि पिंप कुंपणाला नेलं. पण ढीग हलणार नाहीत. आठ दिवसांत नाही आणि ऐंशी दिवसांतही नाही.”

“बाई, अध्यक्ष सभा बोलावतील.”

“बोलावू देत. मी येईन. लवकर येईन, पुढची खुर्ची मिळेल.”

सभेत अध्यक्षांनी ब्लॉकचा ठराव मांडला. तीन गाड्या उभ्या राहतील, डास कमी होतील, इमारतीची शोभा वाढेल. माळ्यालाही बोलावलं होतं. त्याने पुन्हा सांगितलं, ती जमीन मुळात मेलेली, बाई उगाच वर वर मलमपट्टी करतायत. हात वर झाले. नऊ बाजूने, चार विरुद्ध, बाकीचे छताकडे बघत होते. मी सेक्रेटरी म्हणून मोजत होतो, त्यामुळे माझा हात लिहिण्यात गुंतला होता. सोयीचं होतं ते.

बाई उभ्या राहिल्या. “झालं मोजून? आता माझं ऐका. हात वर करून माती मरत नाही. तुम्ही सोळा घरांनी मिळून मतं घेतलीत तरी निळा कागद तांबडा होणार नाही आणि तांबडा निळा होणार नाही. ज्यांनी हात वर केला त्यातल्या एकाने तरी गेल्या वर्षभरात मागे येऊन बघितलंय? एकाने?”

हात वर केलेल्यांपैकी दोघे चपला शोधू लागले.

“तेच म्हटलं,” बाई म्हणाल्या. “ठराव तुमचा. मी त्याला भीक घालत नाही. ब्लॉक आणा, मी तिथे खुर्ची टाकून बसते.”

आणि त्या खरंच बसल्या. ब्लॉकवाला दोनदा टेम्पो घेऊन आला, दोन्ही वेळा बाई पट्ट्याच्या मधोमध खुर्चीवर, मांडीवर शेंगांची परडी घेऊन, शेंगा सोलत. वयस्कर बाईला उचलून बाजूला कोण ठेवणार? टेम्पो परत गेला.

पुढे जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मंगळवार. दोघी सकाळी टॅक्सीने दवाखान्यात गेल्या. ही गोष्ट मला माहीत होती, आणि मी बोलता बोलता ती अध्यक्षांना सांगून बसलो. मुद्दाम सांगितलं असं नाही. पण का सांगतोय याचा विचार केला नाही, हेही खरं.

अकराला टेम्पो आला. चार माणसांनी घेवड्याचे वेल मांडवासकट उपटून कुंपणाला टेकवले, ढीग फावड्याने पसरून सपाट केले, वर वाळू ओतली, धडधडणारं यंत्र फिरवून सगळं दाबलं आणि ब्लॉक लावायला सुरुवात केली. संध्याकाळी पाचपर्यंत दोनतृतीयांश पट्टा लाल-करड्या ब्लॉकांनी झाकला गेला. कडेला सिमेंट लावायचं तेवढं राहिलं होतं. ते उद्या, असं म्हणून मुकादम हत्यारं गोळा करू लागला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने बसवलेली, वर काळा चष्मा. त्यांच्यामागे वन्सं, औषधांची पिशवी घेऊन. मी माझ्या गच्चीच्या कठड्याशी होतो. अध्यक्षही त्यांच्या गच्चीत होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. बाई पायरी उतरल्या, कुंपणाशी गेल्या आणि उपटलेल्या वेलाचं मूळ हातात धरून बघितलं. मुळाला माती चिकटलेली होती. ती त्यांनी बोटांनी चुरली. मग पदर खोचला आणि पहिल्या ब्लॉकशी वाकू लागल्या.

“वहिनी!” वन्सं ओरडल्या. “डॉक्टर काय म्हणाले? वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूळ नाही. डोळा फुटेल!”

“फुटू दे.”

“गप्प बस. खुर्ची घे आणि बस.”

“वन्सं, तुम्ही मधे पडू नका…”

“डॉक्टरांनी वाकायचं नाही असं तुला सांगितलंय,” वन्सं म्हणाल्या. “मला नाही सांगितलेलं.”

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. आत जाऊन शिलाई मशीनच्या खणातला मोठा पेचकस आणि बसायचा लाकडी पाट घेऊन आल्या. पाटावर बसल्या, ब्लॉकांच्या फटीत पेचकस घातला, पिळला. पहिला ब्लॉक निघायला वेळ लागला. दुसरा पटकन निघाला. सिमेंट नव्हतंच, नुसती वाळू. तिसरा, चौथा. वन्सं ते भिंतीशी ओळीने रचत होत्या, टाके घालावेत इतक्या नीट.

मुकादम गोंधळला. “आजी, काय करताय? आम्ही दिवसभर लावलेत!”

“आणि मी दिवसभर काढणार. बघू कोण दमतं ते.”

अध्यक्ष खाली आले. चेहरा लाल. “मुद्दा असा आहे, की ही सोसायटीची मालमत्ता आहे. मी पोलिसांना बोलावीन.”

बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. “बोलवा. त्यांना सांगा, एक बाई आंधळी आणि एक म्हातारी, दोघींनी मिळून तुमची गाडी ठेवायची जागा चोरली. आम्ही इथेच आहोत. कुठे पळून जाणार?”

“सेक्रेटरी!” अध्यक्ष वर बघून ओरडले. “फोन लावा!”

मी आत गेलो. फोन टेबलावर होता. आणि फोनशेजारी सोसायटीचं कपाट होतं. त्या कपाटात इमारतीचा मंजूर नकाशा होता, आणि त्या नकाशात मागच्या पट्ट्यावर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. ठरावाच्या आधीच मी तो बघितला होता. बघून पुन्हा घडी करून ठेवला होता. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर मी अशीच कामं केली. कुणी विचारलं नाही, म्हणून नाही सांगितलं.

गच्चीतून पुन्हा खाली बघितलं. वन्संनी बावीस ब्लॉक काढले होते. त्यांच्या बोटांना वाळूने रक्त आलं होतं, ते त्या पदराला पुसत होत्या आणि थांबत नव्हत्या.

मी नकाशा घेऊन खाली उतरलो.

“फोन लागला?” अध्यक्षांनी विचारलं.

“लावला नाही.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. नकाशा उघडून मी भिंतीवर दाबून धरला. “हे बघा. मागची जागा. ‘कच्ची, मोकळी जमीन, पाणी मुरण्यासाठी राखीव, फरसबंदी करू नये.’ नगरपालिकेचा शिक्का आहे. पोलीस आले तर आधी हे बघतील.”

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. “हे तुम्ही आत्ता सांगताय?”

“आधी सांगायला हवं होतं,” मी म्हणालो. “चूक झाली. माझीच.”

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. एकच डोळा उघडा, तोही काळ्या काचेमागे, त्यामुळे त्यात काय होतं ते दिसलं नाही. “कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

“सभेच्या आधीपासून.”

“हं,” बाई म्हणाल्या. “मग उभे काय राहिलात? ते पलीकडचे ब्लॉक काढायला लागा. पाठ दुखली तर सांगू नका, मला ऐकायचं नाही.”

मी काढले. मुकादमाच्या माणसांपैकी एकानेही, का कोण जाणे, पहार आणून चार ओळी सैल करून दिल्या. सूर्य मावळायच्या आत पट्टा पुन्हा उघडा झाला. अध्यक्ष केव्हा निघून गेले ते कुणी बघितलंच नाही.

पण माती गेली होती. मिळवलेलं वर्ष त्या यंत्राने दगडासारखं दाबलं होतं, वर वाळूचा थर. दुसऱ्या दिवशी बाईंनी वन्संकडून सहा बरण्या भरून घेतल्या, खुर्चीवर बसल्या बसल्या, उघड्या डोळ्याजवळ कागद धरून बघितले. मी भीत भीत विचारलं, “पुन्हा निळा?”

“नाही. रंग धरून आहे. चुना नाही परतला. फक्त श्वास कोंडलाय हिचा.” मग मला म्हणाल्या, “काट्यांचं फावडं घ्या, पण उलटवू नका. नुसतं खुपसायचं, मागे रेलायचं, काढायचं. आतली गांडुळांची घरं मोडायची नाहीत. हवा आत जाऊ दे, बाकी ती बघून घेईल.”

मी महिनाभर संध्याकाळी ते केलं. डोळा बरा होईपर्यंत बाईंनी फक्त हुकूम सोडले, आणि वन्संनी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचे हुकूम ऐकले. उलट उत्तरं देत देत, पण ऐकले. झाडूवाला पानं ओतत राहिला. मुळं धरून ठेवलेले घेवड्याचे तीन वेल बाईंनी पाण्याच्या बादलीत जगवले होते, त्यातले दोन पुन्हा धरले.

ठराव कागदावर तसाच राहिला. तो रद्द करायची सभा कधी झाली नाही, कारण अध्यक्षांनी ती बोलावली नाही. बाई म्हणायच्या, “राहू दे. ठरावाला मुळं नसतात.” गाडी रस्त्यावर उभी राहिली. बाईंनी कुणाचे आभार मानले नाहीत, माझेही नाही. माझ्या नोटिशीची प्रत मात्र त्यांनी फाडली नाही. मागच्या दारामागे खिळ्याला अडकवून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मी काढून टाकायची विनंती केली, तर म्हणाल्या, “का? अक्षर चांगलं आहे.”

पुढच्या वर्षी लोक कुंड्या घेऊन यायला लागले. सुकलेल्या, पिवळ्या, माळ्याने सोडून दिलेल्या. बाई आधी मातीच विचारायच्या, झाड नाही. जास्त पाणी घालणाऱ्यांना त्या सरळ सांगत, “तुम्ही ह्याला बुडवून मारलंय, माझ्याकडे गाऱ्हाणं सांगायला येऊ नका.” बाजारातल्या रंगीत पाकिटांबद्दल विचारलं तर म्हणायच्या, “पाकीट ताकद देईल, भूक नाही देणार. मातीला भूक लागायला हवी.” लोक बोलणी खात आणि पुन्हा येत. एकदा माळीही आला, फाटकातून लपवत आणलेली एक गुलाबाची कुंडी घेऊन. बाईंनी त्याला तासभर उभं ठेवलं, मातीची बरणी त्याच्याकडूनच भरून घेतली, कागद त्याच्याकडूनच बुडवून घेतला आणि रंगाचं नाव त्याच्याकडूनच वदवून घेतलं.

घेवडा भरपूर झाला तेव्हा बाईंनी सोळाही घरांच्या दारात टोपल्या ठेवल्या. पहिल्या मजल्यावरची टोपली दुपारी परत आली, शेंगा तशाच. वन्सं भडकल्या. “राहू दे त्या साहेबाला उपाशी!” दुसऱ्या दिवशी बाईंनी ताज्या शेंगा भरून तीच टोपली पुन्हा तिथे ठेवली. परत आली. तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं, “कशाला ठेवताय? अपमान करून घ्यायला?”

“अपमान त्यांचा होतोय,” बाई म्हणाल्या. “त्यांना रोज दार उघडून नाही म्हणावं लागतं. मला नुसता जिना चढावा लागतो.”

चौथ्या दिवशी टोपली परत आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती बाईंच्या पायरीवर होती, रिकामी. वन्संनी ती उचलून आत-बाहेर बघितली आणि वरच्या गच्चीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, “धुवून तरी द्यायची!”